गाडीच्या चाकावर चोवीस मेणबत्त्या

नाताळच्या टेबलावर मधोमध ठेवलेलं हिरव्या डहाळ्यांचं कडं आणि त्यात रोवलेल्या चार मेणबत्त्या आता अनेक देशांत दिसतात. डिसेंबर जवळ आला की ही आरास दुकानांत तयार मिळते आणि जरा चांगली घ्यायची म्हटली तर खिशाला चाट बसते. या कड्याची सुरुवात मात्र झाली ती गरीब मुलांच्या एका आश्रमात, गाडीच्या जुन्या चाकापासून.

योहान हिनरिख विखर्न यांचा जन्म १८०८ मध्ये जर्मनीतल्या हांबुर्ग शहरात झाला. वडील गेले तेव्हा ते पंधरा वर्षांचे होते आणि सात भावंडांत थोरले. शिकवण्या घेऊन त्यांनी घराला हातभार लावला, धर्मशास्त्राचं शिक्षण पुरं केलं आणि रविवारच्या शाळेत शिकवू लागले. त्या निमित्तानं शहरातल्या गरीब वस्त्यांमधली बिऱ्हाडं त्यांनी आत जाऊन पाहिली. मुलांचे हाल नुसते बघून परत येणं त्यांना जमेना. १८३३ मध्ये, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, कार्ल सिव्हेकिंग या शहरातल्या वरिष्ठ अधिकाऱ्यानं दिलेल्या एका जुन्या घरात त्यांनी ‘राउहेस हाउस’ हा आश्रम सुरू केला. त्या काळी अशा मुलांना कोंडून ठेवण्याची रीत होती. विखर्न यांनी भिंत-कुंपण घातलंच नाही. दहा-बारा मुलांचं एक कुटुंब करायचं, त्यावर थोरल्या भावासारखा एक जण नेमायचा आणि अभ्यासाबरोबर हाताला काम शिकवायचं, अशी त्यांची पद्धत होती.

नाताळ जवळ आला की मुलं रोज विचारायची, आता किती दिवस राहिले? असं सांगतात की या प्रश्नाचं उत्तर म्हणूनच १८३९ मध्ये ते चाक प्रार्थनागृहात आलं. लाकडी कड्यावर चार मोठ्या पांढऱ्या आणि वीस लहान लाल मेणबत्त्या बसवल्या होत्या. मोठी रविवारची, लहान इतर वारांची. रोज प्रार्थनेच्या वेळी एक मेणबत्ती वाढायची. पहिल्या दिवशी एकच ज्योत, आठवडा सरला की सात, आणि २४ डिसेंबरला सगळं चाक उजळलेलं. ज्याला अंक वाचता येत नव्हते त्यालाही न लागलेल्या मेणबत्त्या बोटांवर मोजता येत होत्या.

वीस आणि चार हा आकडा त्या वर्षापुरताच होता, हे पुष्कळदा सांगायचं राहून जातं. नाताळपूर्वीचा आगमनकाळ नाताळच्या आधीच्या चौथ्या रविवारी सुरू होतो आणि तो रविवार २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्या दरम्यान कधीही येतो. १८३९ मध्ये तो १ डिसेंबरला आला, म्हणून चोवीस दिवस. रविवार दर वर्षी चारच, पण लहान मेणबत्त्या कधी अठरा लागतात, कधी चोवीस. म्हणजे दर वर्षी पंचांग बघून चाक नव्यानं मांडावं लागायचं.

साधारण १८६० पासून चाकाला फरच्या हिरव्या डहाळ्या गुंडाळायला लागले. फरचं झाड ऐन हिवाळ्यातही हिरवं राहतं, त्यामुळे जर्मनीत डिसेंबरमध्ये सहज मिळणारी हिरवळ तीच. विखर्न यांच्या हाताखाली तयार झालेली माणसं दुसऱ्या गावांतल्या संस्थांमध्ये गेली आणि ही चाल सोबत घेऊन गेली. त्याच सुमारास पॅराफिन आलं नि मेणबत्ती स्वस्त झाली. तरी चोवीस मेणबत्त्यांचं चाक सामान्य घरात मावणार कुठे? रोजच्या मेणबत्त्या गळल्या, रविवारच्या चार उरल्या आणि छताखाली टांगायचं चाक टेबलावर उतरलं.

प्रॉटेस्टंट घरांतली ही वस्तू कॅथलिकांनीही आपली केली. १९२५ मध्ये कोलोनच्या एका कॅथलिक चर्चमध्ये असं कडं लागलं, १९३० मध्ये म्युनिकला. कॅथलिक कड्यात मेणबत्त्यांना आगमनकाळाचे रंग मिळाले: तीन जांभळ्या आणि तिसऱ्या रविवारची एक गुलाबी. मुंबई-वसईच्या चर्चमध्ये आज दिसतात त्या याच परंपरेतल्या.

घरात असेल त्यातून आरास करण्याच्या आणखी दोन रीती सांगण्यासारख्या आहेत. बव्हेरिया आणि ऑस्ट्रियात चार लाल सफरचंदं आणि सहा काठ्या घेतात. तीन सफरचंदं तीन काठ्यांनी जोडून खाली त्रिकोण करायचा, प्रत्येकातून एक काठी वर न्यायची आणि तिन्ही टोकं चौथ्या सफरचंदात खुपसायची. चारही सफरचंदांत एकेक मेणबत्ती रोवली की काम झालं. नाताळ झाल्यावर सफरचंदं खाऊनही टाकता येतात.

दुसरी रीत मोरेव्हियन या ख्रिस्ती पंथाची. १७४७ च्या नाताळात जर्मनीतल्या मारियनबोर्न इथे योहानस द वाटव्हिल या धर्मोपदेशकानं प्रत्येक मुलाच्या हाती लाल फीत बांधलेली पेटती मेणबत्ती दिली. पुढे ती मेणबत्ती संत्र्यात रोवली जाऊ लागली. संत्र्याला चार काड्या टोचून त्यांवर मनुका नाहीतर गोळ्या लावतात. १९६८ मध्ये जॉन पेन्सम यांनी मुलांसाठी काम करणाऱ्या चिल्ड्रन्स सोसायटीसाठी पैसे उभे करायला ही रीत चर्च ऑफ इंग्लंडमध्ये आणली आणि ती इंग्लंडभर पसरली.

या सगळ्या वस्तू स्वस्त होत्या, कारण त्या मुलांसाठी आणि बऱ्याचदा मुलांच्याच हातांनी व्हायच्या होत्या. नाताळच्या सजावटीत आज जी चढाओढ दिसते, तिच्यापेक्षा ही मूळची रीत कितीतरी चांगली. विखर्न यांची संस्था हांबुर्गमध्ये अजून चालू आहे. घरात लहान मूल असेल तर यंदा तयार कडं विकत आणू नका. परातीत वाळू पसरा, कॅलेंडर बघून दिवस मोजा, तेवढ्या मेणबत्त्या त्याच्याच हातानं वाळूत रोवू द्या आणि पेटवताना जवळ बसा.