कॅसेट कीं तबकडी?



१९९६ सालच्या नाताळाच्या तोंडावर अमेरिकेंतील अनेक घरांत एका प्रश्नाचा खल चालला होता. मुलांना व्हिडिओ गेमचें यंत्र घ्यावयाचें, एवढें ठरलें होतें. पण दोहोंपैकीं कोणतें? एका बाजूस सोनी कंपनीचें 'प्लेस्टेशन', दुसऱ्या बाजूस निन्टेन्डो कंपनीचें 'निन्टेन्डो ६४'. किंमत पाहून निवड करावी, तर दोन्ही यंत्रें सुमारें २०० डॉलरांचींच. घरांत यंत्र एकच येणार, आणि एकाचे खेळ दुसऱ्यावर चालावयाचे नाहींत. म्हणजे आज चूक झाली, तर ती पुढें कित्येक वर्षें सोसावी लागणार. मुलांच्या खेळण्याचा इतिहास कशाला सांगावा, असें कोणाच्या मनांत येईल. परंतु एखादी वस्तु विकत घेतांना आपण वस्तुतः काय विकत घेत असतों, याचा बोध या दोन यंत्रांच्या कथेंतून फार चांगला होतो.

हे दोन प्रतिस्पर्धी मुळांत भागीदार होते. निन्टेन्डो ही जपानांतील क्योटो शहराची जुनी पेढी. १८८९ सालीं खेळण्याचे पत्ते तयार करण्यापासून तिचा आरंभ झाला, आणि १९८० नंतरच्या दशकांत घरगुती व्हिडिओ गेमच्या व्यापारांत तिचा शब्द अखेरचा ठरूं लागला. आपल्याकडील शहरांतून १९९० नंतर मुलें जीं स्वस्त यंत्रें टी.व्ही.ला जोडून खेळत असत, त्यांपैकीं पुष्कळशीं याच कंपनीच्या जुन्या यंत्राचीं अनुकरणें होतीं. आणि त्यांत वरून खोचावयाच्या चपट्या डबीला आपलीं मुलें 'कॅसेट' म्हणत.

१९८८ सालीं निन्टेन्डोनें सोनीशीं एक करार केला. निन्टेन्डोच्या येऊं घातलेल्या यंत्राला संगीताच्या सी.डी.सारखी तबकडी वाचणारा भाग सोनीनें जोडून द्यावा, असा त्याचा आशय. सोनीचे अभियंते केन कुतारागी यांनीं त्याचें काम अंगावर घेतलें. १९९१ च्या जूनमध्यें शिकागो येथील प्रदर्शनांत सोनीनें हें संयुक्त यंत्र जाहीर केलें. आणि दुसऱ्याच दिवशीं निन्टेन्डोनें, आपण हॉलंडच्या फिलिप्स कंपनीशीं हातमिळवणी करीत आहों, असें जगाला सांगितलें! कारण समजण्यासारखें होतें. त्या करारान्वयें तबकडीवरील खेळांचे हक्क सोनीच्या हातीं जात होते, आणि निन्टेन्डोचे अध्यक्ष हिरोशी यामाउची यांना तें पटणें शक्य नव्हतें. या मानभंगानंतर सोनीचे अध्यक्ष नोरिओ ओगा कुतारागींच्या पाठीशीं उभे राहिले, आणि ३ डिसेंबर १९९४ रोजीं सोनीचें स्वतःचें प्लेस्टेशन जपानच्या बाजारांत आलें. निन्टेन्डो ६४ अवतरलें तें त्यानंतर दीड वर्षानें, २३ जून १९९६ रोजीं.

आतां ग्राहकाच्या जागीं आपण उभे राहूं. निन्टेन्डोच्या नांवांतच '६४' हा आंकडा. प्लेस्टेशन मात्र '३२ बिट'चें. दुप्पट आंकडा म्हणजे दुप्पट गुण, असा साधा हिशेब कित्येकांनीं केला असेल. पण खरा भेद त्या आंकड्यांत नव्हताच. तो होता खेळ कशावर साठवावयाचा, यांत. निन्टेन्डोनें आपली डबी सोडली नाहीं. सोनीनें तबकडी स्वीकारली. डबी टिकाऊ असते, तिची नक्कल करणें अवघड असतें, आणि ती खोचतांच खेळ सुरू होतो. तबकडीवरील खेळ सुरू होईपर्यंत वाट पाहत बसावें लागतें, आणि तिला चरा पडण्याचें भय निराळेंच. इतक्यावर निर्णय झाला असता, तर डबीच जिंकली असती.

परंतु डबींत आरंभीं सुमारें ८ मेगाबाइट मजकूर मावे, पुढें फार तर ६४. तबकडीवर सुमारें ६५० मावत असे. शिवाय डबी महाग. खेळ रचणाऱ्या संस्थेला डब्यांची मागणी आधीं पैसे भरून नोंदवावी लागे, आणि माल खपला नाहीं, तर तोटा तिच्याच डोक्यावर येई. तबकड्या स्वस्तांत छापाव्या, खपल्या तर पुन्हां छापाव्या. नव्या कल्पना घेऊन येणाऱ्या लहान कारागिराला धाडस परवडेल, असें दार सोनीनें उघडलें होतें.

याचा परिणाम लवकरच दिसला. 'फायनल फँटसी' ही लोकप्रिय कथामाला रचणारी स्क्वेअर ही संस्था वर्षानुवर्षें निन्टेन्डोच्या आश्रयाला होती. तिनें आपला सातवा खेळ प्लेस्टेशनसाठीं काढावयाचें ठरविलें. ३१ जानेवारी १९९७ रोजीं तो प्रसिद्ध झाला, तेव्हां त्याला तीन तबकड्या लागल्या होत्या. एवढें साहित्य डबींत कोंबणें अशक्यच होतें. 'ड्रॅगन क्वेस्ट' रचणाऱ्या एनिक्स संस्थेनेंहि तोच मार्ग धरला. प्लेस्टेशनची विक्री अखेर १० कोटींवर गेली. निन्टेन्डो ६४ ची सुमारें ३ कोटी ३० लाखांवर थांबली. आणि २००१ सालच्या आपल्या पुढील यंत्रांत निन्टेन्डोनेंहि लहानशी तबकडीच पत्करली.

मग ज्या घरांनीं १९९६ सालीं निन्टेन्डो ६४ आणलें, तीं फसलीं काय? मला तसें वाटत नाहीं. त्या यंत्राच्या दर्शनी भागास चार जणांचीं नियंत्रकें जोडण्याची सोय होती. प्लेस्टेशनवर दोघांचीच, अधिकांसाठीं निराळें साधन घ्यावें लागे. 'सुपर मारिओ ६४' या खेळानें त्रिमिति जगांत मुक्तपणें कसें हिंडावें, याचा पाठ साऱ्या धंद्याला घालून दिला. १९९८ सालच्या 'झेल्डा'ची गणना आजहि सर्वोत्कृष्ट खेळांत होते. ज्या घरांत चार भावंडें होतीं, त्यांनीं हरलेल्या पक्षाचें यंत्र घेऊनहि योग्य तीच निवड केली. ज्या घरांत एकट्यानेंच दीर्घ कथेंत रमणारा मुलगा होता, त्यानें तबकडीचें घ्यावयास हवें होतें.

इतिहासाला कोट्यवधि ग्राहकांचा हिशेब ठेवावा लागतो. गृहस्थाला एकाच बैठकीच्या खोलीचा. दुकानांत ठेवलेलें यंत्र हा व्यवहाराचा लहानसा भाग होय. त्याबरोबर आपण पुढें येणाऱ्या खेळांची आशा विकत घेतों, आणि ती आशा पुरी करणारे कारागीर कोणाच्या दारीं जातील, हें पेटीवरील आंकडा सांगत नाहीं. म्हणून असा प्रसंग येईल, तेव्हां दुकानदाराला एक प्रश्न विचारावा: यावर खेळ कोण रचणार आहे, आणि कां? दुसरा प्रश्न मात्र घरींच विचारावयाचा: आपल्याकडे खेळावयास बसणार किती जण?