धोंडी, नथू आणि बेडशाची सामदिनिका



आमच्या गटाच्या बैठकीत आम्ही बँकेचे कागद भरत होतो. सत्तरी ओलांडलेल्या एका आजींपाशी गाडी अडली. आधार कार्डावर सुभद्रा, रेशन कार्डावर सुबाबाई आणि माहेरच्या सातबाऱ्यावर भावांच्या खाली नाव धोंडाबाई. आम्ही विचारलं, "आजी, तुमचं खरं नाव कुठलं?" आजी हसल्या. म्हणाल्या, "जन्माची मी धोंडी. माझ्या आधीची दोन लेकरं गेली, म्हणून आईनं धोंडी म्हटलं. धोंड्याला कोण उचलून नेतंय? सुभद्रा मला सासरी केली."

त्या दिवशी कागद बाजूला राहिले आणि नावांच्या गोष्टी निघाल्या. त्याच आज तुम्हाला सांगतो.

आपल्या गावात धोंडू, दगडू, केरू, उकिरडा, भिकू, कडू अशी नावं असलेली म्हातारी माणसं तुम्ही पाहिली असतील. शाळेत पोरं त्यांना हसायची. पण ही नावं ठेवणाऱ्या आईला हसू येत नव्हतं. देवीची साथ, पटकी, प्लेग, घटसर्प यांत पाळणेच्या पाळणे रिकामे व्हायचे. मग वाचलेल्या लेकराला असं नाव द्यायचं, की मरणानं त्याच्याकडे ढुंकून पाहू नये. कुणी बाळाला उकिरड्यावर ठेवून परत उचलून आणायचं, तो उकिरडा. केरात ठेवलेला तो केरू. भीक मागून आणला असं दाखवायचं, तो भिकू. पुढे लस आली, दवाखाने आले. १९७७ साली भारत देवीच्या रोगातून मुक्त झाल्याचं जाहीर झालं. लेकरं जगू लागली, तशी दगडू-धोंडू ही नावं पाळण्यातून गेली.

सगळीच नावं भीतीची नव्हती. लेकींना नद्यांची नावं होती: गंगा, यमुना, गोदा, कृष्णा, चंद्रभागा. लाडाची होती: हौसा, चिमा, तान्हू, सोना, मैना. आपल्या ठाकर आणि कातकरी वाड्यांवर वारावरून ठेवलेली नावं आढळतात: सोमी, मंगळी, बुधी. ज्या घरात पंचांग नव्हतं, तिथं लेकराचा जन्मवार त्याच्या नावातच जपून ठेवलेला असे.

आता दोन नावं शेजारी ठेवून बघा. पहिलं नथू. मुलगे जगत नसतील, तर जन्मलेल्या मुलाचं नाक टोचून त्याला नथ घालायचे. मरणाला वाटावं ही मुलगी आहे, आणि त्यानं सोडून जावं. दुसरं नकुशी. मुलीवर मुली झाल्या की शेवटच्या लेकीला हे नाव. मुलगा वाचावा म्हणून त्याला मुलगी म्हणायचं, आणि खरी मुलगी आली की तिला नकोशी म्हणायचं! या दोन नावांत आपल्या समाजानं लेकीची काय किंमत केली होती, ते सगळं आलं. ही फार जुनी गोष्टही नाही. ऑक्टोबर २०११ मध्ये शेजारच्या सातारा जिल्ह्यात कार्यक्रम घेऊन २८५ नकुशींना नवी नावं देण्यात आली.

लेकीचं नाव असं एकदा पाळण्यात ठरायचं आणि दुसऱ्यांदा लग्नात बदलायचं. ताटात तांदूळ पसरायचे, अंगठीनं नवीन नाव लिहायचं, की जुनं संपलं. डॉक्टर झालेल्या आनंदीबाई जोशी माहेरच्या यमुना. रमाबाई रानडेही माहेरच्या यमुनाच. नवऱ्याचं नाव घ्यायला आपल्याला उखाणा लागायचा, पण आपलं स्वतःचं जुनं नाव घ्यायला उखाणासुद्धा नव्हता.

हे असंच चालत आलंय, असं कुणी म्हटलं तर त्यांना कामशेतजवळच्या बेडसे लेण्यात घेऊन जा. तिथं पाण्याच्या टाक्यावर ब्राह्मी लिपीत एक लेख कोरलेला आहे. साधारण दोन हजार वर्षांपूर्वी एका बाईनं हे दान दिलं. तिचं नाव सामदिनिका. महाभोजाची मुलगी, आपदेवणकाची बायको, स्वतः महारठिनी, असं त्यात लिहिलं आहे. बापही आहे, नवराही आहे, पण दान तिचं आणि नाव तिचं. एकवीरा आईच्या देवळाशेजारी कार्ल्याचं लेणं आहे. तिथला सिंहस्तंभ देणाऱ्या अग्निमित्रणकानं स्वतःला गोतीपुत्र म्हणवलं आहे, म्हणजे गोतीचा मुलगा. सातवाहन राजेही गौतमीपुत्र, वासिष्ठीपुत्र अशी आईची ओळख लावत. म्हणजे आपल्या मावळच्या दगडावर आईचं नाव आधीपासून आहे.

कागदावर यायला मात्र त्याला फार वेळ लागला. ११ मार्च २०२४ ला राज्य मंत्रिमंडळानं निर्णय घेतला. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बाळाच्या सरकारी कागदांवर आधी बाळाचं नाव, मग आईचं, मग वडलांचं आणि मग आडनाव.

आजींचं काम अजून पुरं झालेलं नाही. धोंडाबाई आणि सुभद्राबाई एकच, हे आता कागदानं दाखवावं लागणार आहे. मावळात जमिनीचे भाव काय झालेत ते तुम्ही जाणता. नाव जुळलं नाही, तर माहेरचा वाटा हातातून जायला वेळ लागत नाही. आईनं जीव वाचवायला दिलेलं नाव आज हक्काच्या आड येतंय. त्यात आजींचीही चूक नाही आणि त्यांच्या आईचीही नाही.

म्हणून पुढच्या बैठकीत एवढं करा. गटातल्या प्रत्येकीचं माहेरचं नाव, सासरचं नाव आणि हाक मारायचं नाव वहीत लिहून घ्या. ते कुणी ठेवलं आणि का, तेही विचारा. मग आधार, पासबुक, रेशन कार्ड आणि सातबारा शेजारी ठेवून नावं ताडून बघा. फरक निघाला, तर गरज पडायच्या आधी दुरुस्तीला लागा.

आमच्या वहीत पहिलं नाव धोंडीचं आहे. आजींनी ते स्वतः सांगितलं आणि अंगठ्याऐवजी सही केली. तुमच्या वहीत पहिलं कुणाचं असेल?