ससून डॉकच्या भिंती आणि समुद्रावरची माणसे

मुंबईतील कुलाब्याच्या ससून डॉकचे नाव ऐकले नाही असे घर आपल्या समाजात विरळाच सापडेल. आमच्या पिढीला ते मासळीच्या बंदराचे नाव म्हणून माहीत आहे, तर नव्या पिढीला ते एका श्रीमंत यहुदी घराण्याचे नाव म्हणून ऐकून ठाऊक आहे. २०१७ सालच्या अखेरीस मात्र हे बंदर निराळ्याच कारणाने गाजले. तेथल्या जुन्या गुदामांच्या भिंतींवर देशोदेशींच्या कलावंतांनी समुद्राची आणि कोळी माणसांची चित्रे काढली आणि ती पाहायला सारी मुंबई लोटली. या घटनेला आता काही वर्षे झाली. तिच्याकडे शांतपणे पाहिले तर आपल्या समाजालाही तिच्यातून काही घेता येईल, असे आम्हाला वाटते.

प्रथम बंदराचा इतिहास पाहू. डेव्हिड ससून हे बगदादचे. तेथील पाशाच्या जाचामुळे त्यांना शहर सोडावे लागले. इराणच्या आखातावरील बुशहर बंदरात काही काळ काढून १८३२ साली ते मुंबईत आले. १८६४ मध्ये पुण्यात त्यांचे निधन झाले. त्यांची कबर तेथील ओहेल डेव्हिड सिनेगॉगच्या आवारात, म्हणजे पुणेकरांच्या लाल देवळात, आहे. त्यांचे थोरले पुत्र अब्दुल्ला, ज्यांना पुढे सर आल्बर्ट ससून म्हणू लागले, त्यांनी कुलाब्यास समुद्र हटवून ही गोदी बांधली. ती १८७५ साली पुरी झाली. त्याआधी मोठी जहाजे खोल पाण्यात नांगर टाकीत आणि माल लहान होड्यांतून किनाऱ्यावर येई. भरती असो वा ओहोटी, आत पाणी कायम राहील अशी पश्चिम भारतातील ही पहिली व्यापारी गोदी. १८६९ मध्ये सुएझचा कालवा उघडला होता, कापसाचा व्यापार वाढला होता आणि मुंबईला गोदीची गरज होती. ससूनांनी ती स्वतःच्या पैशाने बांधून दाखवल्यावर सरकारही हलले आणि १८८० मध्ये प्रिन्सेस डॉक उभा राहिला. पुढे मोठी जहाजे मोठ्या गोद्यांकडे वळली आणि ससून डॉक मासळीचा झाला.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. ससून घराण्याचे मोठेपण आपण अभिमानाने सांगतो. परंतु बगदादी मंडळी आणि आपण बेने इस्राएल यांच्यात त्या काळी बरेच अंतर होते. १८३६ साली सामाईक दफनभूमीत दोन्ही समाजांच्या कबरींमध्ये भिंत घालावी, असा अर्ज बगदादी पुढाऱ्यांनी सरकारकडे केला होता. म्हणून 'ससून डॉक आपला' असे म्हणताना थोडे थांबावे लागते. त्या बंदरावर नाव ससूनांचे आहे. पण तेथल्या पाण्याशी जुने नाते कोळ्यांचे आहे. आपले जुने नाते विचाराल तर ते कोळ्यांच्या शेजारचे, रायगडच्या किनाऱ्यावरचे.

कोळी हे मुंबई बेटांचे जुने रहिवासी. मुंबादेवी मूळची त्यांचीच, आणि कुलाबा हे नावही कोळ्यांवरून पडले असे मानतात. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहिला की पावसाळ्यात शाकारून ठेवलेल्या होड्या पुन्हा पाण्यात लोटायच्या, ही त्यांची रीत. वरवर पाहता हा सण. पण त्याच्या पोटात शहाणपण आहे. पावसाळा हा बऱ्याच मासळीच्या विणीचा काळ. आज सरकार १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक मासेमारीला बंदी घालते. कायदा येण्याच्या कितीतरी आधीपासून ही विश्रांती लोकरीतीने पाळली जात होती.

२०१७ चा चित्रांचा उपक्रम 'स्टार्ट इंडिया फाउंडेशन' या संस्थेने केला. देशी-परदेशी तीसएक कलावंत त्यात होते. फ्रेंच कलावंत जेआर यांच्या 'इनसाइड आउट' योजनेतून बंदरावर राबणाऱ्या कोळी स्त्रीपुरुषांचे मोठमोठे कृष्णधवल चेहरे भिंतींवर चिकटवले गेले. पहाटे लिलावात ओरडून भाव करणारी बाई दिवस उजाडल्यावर स्वतःचाच चेहरा भिंतीवर पाहू शकत होती. सिंगापूरच्या टॅन झी शी यांनी एका दालनात छताखाली प्लास्टिकचा कचरा असा टांगला होता, की आत शिरणाऱ्याला आपण घाणेरड्या समुद्राच्या तळाशी उभे आहोत असे वाटावे. संस्थेचे एक संस्थापक हनीफ कुरेशी यांनी तर वासावरच मांडणी केली. ससून डॉक म्हटले की नाकाला रुमाल लावणाऱ्या शहराला, हा वास म्हणजे कुणाचे तरी पोट आहे, याची आठवण त्यांनी दिली.

बंदर सुरूच होते, हे या उपक्रमाचे विशेष. एका बाजूला चित्रे पाहणारे, दुसऱ्या बाजूला टोपल्या उचलणारे आणि कोळंबी सोलत बसलेल्या बायका. (कोळंबी आपल्या ताटात येत नाही. पंख आणि खवले पाहून मासा घेण्याची आपली रीत कोळणींना इतकी पाठ होती, की आपल्या घरच्या गिऱ्हाइकासाठी त्या पापलेट, बांगडा, सुरमई आपणहून बाजूला काढीत.) चित्र आणि ज्याचे चित्र तो माणूस एकाच ठिकाणी भेटावेत, हा योग फार क्वचित येतो.

याच्या उलट उदाहरण आखातात आहे, आणि तेही मुंबईशी जोडलेले. कतार, बहारीन, कुवेत येथले लोक शतकानुशतके समुद्रात बुडी मारून मोती काढीत. ते मोती विक्रीला येत ते मुंबईत. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या-चौथ्या दशकांत जपानी संवर्धित मोती बाजारात आले, जागतिक मंदीही आली आणि आखातातील हा धंदा बसला. पुढे तेल निघाले. आज दोहाच्या समुद्रकाठच्या रस्त्यावर उघड्या शिंपल्यात मोती ठेवलेले एक मोठे शिल्प आहे. प्रवासी त्यापुढे उभे राहून छायाचित्रे काढतात. शिल्प देखणे आहे, पण ते ज्यांचे स्मारक आहे ते पाणबुडे आता राहिले नाहीत. त्याच शहराच्या बाहेर, औद्योगिक भागाजवळ, 'बरवा अल बराहा' नावाची कामगारांची मोठी वसाहत आहे. बरवा हे बांधणाऱ्या कंपनीचे नाव, आणि बराहा म्हणजे घरांमधली मोकळी जागा, जिथे शेजारीपाजारी जमतात. आपल्याकडे ज्याला चावडीसमोरचे पटांगण म्हणू, तसे. मराठी कानाला मात्र 'बरवा' म्हटले की 'सुंदर' असेच ऐकू येते. भारतातून गेलेली माणसे जेथे राहतात त्या जागेच्या नावात 'मोकळे पटांगण' असावे, हे आम्हाला अर्थपूर्ण वाटते. परगावी राहणाऱ्याला आपली गोष्ट सांगायला एक मोकळी जागा आणि एक भिंत लागतेच.

आता आपल्याकडे वळू. आपले पूर्वज गलबत फुटून नवगावच्या किनाऱ्याला लागले आणि त्यातून सात जोडपी वाचली, ही कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो. नवगावला त्यांचे स्मारक आहे. अलिबाग तालुक्यातच सागाव-खंडाळे भागात एलियाहू हन्नबीचा खडक आहे. त्याचा रथ तेथून आकाशात गेला आणि चाकांच्या व घोड्याच्या टापांच्या खुणा दगडावर उमटल्या, अशी आपली श्रद्धा. नवस फेडायला लोक तेथे जातात, मलिदा करतात. कोणा शिल्पकाराने तो खडक घडवला नाही. कोकणच्या दगडावर आपल्या समाजाने आपली गोष्ट वाचली, एवढेच. आपल्या सणांची नावेही अशीच मातीतून उगवलेली. रोश हशाना हा नव्याचा सण आणि तिशा ब'आव हा बिरड्याचा सण, कारण त्या दिवशी वालाचे बिरडे. यरुशलेमच्या मंदिरासाठी शोक करताना आपण कोकणच्या शेतातले कडधान्य खात होतो.

परंतु खडक राहिला आणि त्याभोवतीची वस्ती पातळ झाली. शनवार तेल्यांचे घाणे थांबले. बहुतेक घरे प्रथम मुंबईला आणि तेथून इस्राएलला आली. येथे आपली मुलेबाळे सुखात आहेत, त्याबद्दल तक्रार नाही. मात्र आपला खडक हळूहळू दोहाच्या शिंपल्यासारखा होत आहे, हे मान्य करावे लागेल.

कोळ्यांचे अजून तसे झालेले नाही, आणि म्हणूनच ससून डॉकच्या चित्रांना महत्त्व आहे. धोका मात्र खरा आहे. पापलेट इतके कमी झाले, की २०२३ मध्ये महाराष्ट्र सरकारने त्याला राज्य मासा घोषित करून संरक्षणाची भाषा सुरू केली. पिल्ले मोठी होण्याआधीच बारीक आसाच्या जाळ्यात सापडतात, हे त्याचे एक मोठे कारण. वरळीला किनारी रस्त्याच्या पुलाचे खांब होड्यांच्या वाटेत आले. खांबांमधील ६० मीटर अंतरातून उधाणाच्या वेळी होडी काढणे धोक्याचे आहे, हे कोळी बांधव सांगत राहिले, आंदोलन करीत राहिले. अखेर ते अंतर १२० मीटर करण्याचे ठरले. त्यांनी मागितले होते त्याहून ते कमीच; पण वाट पुरती बंद झाली नाही. भिंतीवरचा चेहरा ऊनपावसात पुसला जाणारच, तो पुन्हा काढता येतो. होडीची वाट आणि माशाची वीण एकदा गेली तर मग चित्र उरते ते केवळ स्मारक म्हणून.

आपल्यासाठी यातून निघणारे काम लहान आहे, पण तातडीचे आहे. आपल्या वृद्धाश्रमांत आणि घराघरांत अजून अशी माणसे आहेत, ज्यांनी नवगाव, अलिबाग, पेण, पनवेल येथील घरे पाहिली आहेत, ज्यांना माशांची, भाज्यांची, घाण्याच्या भागांची मराठी नावे येतात आणि मलिद्याचे ताट कसे मांडायचे ते ठाऊक आहे. दिमोना, लोद, अश्दोद, बेअर शेवा येथील आपल्या सिनेगॉगच्या आवारांत भिंती आहेत आणि हाती ब्रश धरणारी नातवंडेही आहेत. आजीने सांगावे आणि नातीने काढावे: होडी, नारळ, घाणा, खडक, वालाची शेंग. खाली नाव मराठीत आणि हिब्रूत लिहावे. सांगणारी माणसे आपल्यात आहेत तोवर हे झाले पाहिजे. नंतर काढलेले चित्र सुबक असेल, पण ते बरोबर आहे की नाही, हे सांगायला कोणी उरणार नाही.