४४३ नाबाद, तरी इंडियाची कॅप नाही!

परवा पेणला टेनिस बॉलची एक मॅच बघत उभा होतो. बॅटिंगला आलेल्या पोराबद्दल कुणीतरी म्हणालं, "हा पुण्याला निवड चाचणी देऊन आलाय." शेजारचे काका लगेच, "मग इंडियाकडून खेळणार काय?" "नाही हो, अजून रणजीचंही नक्की नाही." काकांचा रस तिथंच संपला. मला मात्र भाऊसाहेब निंबाळकर आठवले.

आपला रायगड मुंबईला खेटून, पण क्रिकेटात आपण पुण्याच्या महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनकडे. म्हणजे पेणच्या पोराची रणजी टीम महाराष्ट्र. आणि या टीमचा सगळ्यात मोठा डाव निंबाळकरांचा.

डिसेंबर १९४८, पुण्याचं पूना क्लब मैदान. समोर काठियावाड, २३८ ऑलआऊट. कोल्हापूरचे निंबाळकर, नुकतीच एकोणतीस पूर्ण झालेली. कमल भांडारकरांसोबत दुसऱ्या विकेटसाठी ४५५ धावा जोडल्या. तिसऱ्या दिवशी महाराष्ट्र ४ बाद ८२६, निंबाळकर ४४३ नाबाद. ब्रॅडमनचा ४५२ चा जागतिक विक्रम मोडायला फक्त १० धावा हव्या होत्या. तेवढ्यात विश्रांती झाली आणि काठियावाडचे कप्तान, राजकोटचे ठाकूरसाहेब, यांनी सामनाच सोडून दिला. विक्रमाच्या पुस्तकात आपल्या संघाचं नाव असं यायला नको, म्हणून, असं सांगतात. गंमत बघा, त्या सामन्यामुळेच काठियावाडचं नाव आजही निघतं!

ही गोष्ट बऱ्याच जणांना माहीत असते. पुढची कमी लोक सांगतात.

त्याच हिवाळ्यात वेस्ट इंडीजचा संघ भारतात पाच कसोटी खेळायला आला होता. ४४३ नंतरही तीन कसोटी बाकी होत्या. निंबाळकरांना एकाही कसोटीत घेतलं नाही. पुढच्या हंगामात कॉमनवेल्थ संघाविरुद्ध कलकत्त्याला एक अनधिकृत कसोटी मिळाली, बस्स. त्याआधी ऐन विशीतली वर्षं महायुद्धात गेली. १९३६ ते १९४६ भारत एकही कसोटी खेळला नव्हता. नंतर जागा झाल्या तेव्हा मर्चंट, हजारे, मोदी, अधिकारी अशी रांग पुढे उभी.

पण माणूस खेळत राहिला. बडोदा, महाराष्ट्र, होळकर, मध्य भारत, राजस्थान, रेल्वे. साठच्या दशकापर्यंत. ८० प्रथम श्रेणी सामने, ४८४१ धावा, सरासरी ४७.९३, १२ शतकं. वर ५८ विकेट, आणि गरज पडली की यष्टीरक्षणही. २००२ मध्ये बोर्डाने सी. के. नायडू पुरस्कार दिला. डिसेंबर २०१२ मध्ये, त्र्याण्णवाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी ते कोल्हापुरात गेले. प्रथम श्रेणीत भारतीयाची ४४३ च्या पुढची खेळी आजपर्यंत झालेली नाही.

आता सांगा, हे करिअर फुकट गेलं का?

भारताच्या टीममध्ये जागा अकरा. बाकी सगळं क्रिकेट रणजी, जिल्हा, क्लब, तालुका खेळणाऱ्यांच्या जिवावर उभं आहे. आपल्या गावातलं पोरगं पहाटेची गाडी पकडून सरावाला जातं, तेव्हा "इंडियाकडून खेळणार काय?" हा प्रश्न त्याला छोटं करतो. त्यापेक्षा विचारा, "काल किती केल्यास रे?"

त्या दिवशी त्या पोराने किती केल्या, ते मीही विचारलं नाही. पुढच्या मॅचला विचारणार.