मामांचं घोरणं

कंस आणि शकुनी या दोघांनी मिळून मामा मंडळींचं नाव पार बुडवलं. त्यांच्या बाजूने उभा करावा असा एक भक्कम मामा मला सापडला, तोही थेट इटलीत. थोरला प्लिनी. नोकरी मिसेनम बंदरावर, रोमन आरमाराचे प्रमुख म्हणून. पण खरा नाद पुस्तकांचा. निसर्गावर ३७ खंड लिहून मोकळे झालेले गृहस्थ!

इसवी सन ७९. दुपारचं जेवण आटोपून मामा लवंडून वाचत होते. बहिणीने व्हेसुव्हियसच्या दिशेला वर चढलेला एक विचित्र ढग दाखवला. खाली बुंधा, वर फांद्या, हुबेहूब झाडासारखा. मामांनी वहाणा मागवल्या, ढग नीट न्याहाळला आणि जवळून बघायला गलबत काढायला सांगितलं. सतरा वर्षांच्या भाच्याला विचारलं, "येतोस?" भाचा म्हणाला, "मला अभ्यास आहे." अभ्यास दिलेला मामांनीच! अभ्यासामुळे जीव वाचल्याचं माझ्या माहितीतलं हे एकमेव उदाहरण. आमच्या मास्तरांना ते ठाऊक नव्हतं, हे आमचं नशीब.

निघता निघता डोंगराच्या पायथ्याशी राहणाऱ्या रेक्टिनाबाईंची चिठ्ठी आली. वाट फक्त समुद्राची, सोडवा! झालं, ढग बघायला निघालेले मामा माणसं वाचवायला निघाले. गलबताऐवजी मोठी जहाजं काढली. सगळे जिथून पळत होते, तिकडेच नाक करून. पण तिथे किनाऱ्याला लागताच येईना. मग स्टॅबीला एका मित्राकडे उतरले. मित्राचे हातपाय गळालेले. त्याला धीर यावा म्हणून मामांनी आंघोळ केली, जेवले आणि चक्क झोपले. घोरणं दाराबाहेर ऐकू येत होतं, असं भाच्यानेच लिहून ठेवलंय. अंगणात राख चढू लागली तेव्हा त्यांना उठवलं. डोक्याला उशा बांधून मंडळी किनाऱ्यावर आली. तिथे मामा आडवे झाले, ते कायमचेच. रेक्टिनाबाईंचं पुढे काय झालं, ते भाच्याने लिहिलेलं नाही. मला ते अजून खटकतं.

ही हकीकत भाच्याने पंचवीसेक वर्षांनी टॅसिटस या इतिहासकाराला पत्रातून कळवली. पत्राच्या जुन्या नकलांत तारीख २४ ऑगस्ट. पण २०१८ साली पॉम्पेईच्या एका भिंतीवर कोळशाने लिहिलेली १७ ऑक्टोबर ही तारीख सापडली. कोळशाचं लिखाण वर्षभर कुठलं टिकायला! तेव्हापासून स्फोट ऑक्टोबरातच झाला असावा, असं बऱ्याच पंडितांना वाटू लागलंय. भिंती खराब करणाऱ्यांनीही इतिहासाची सेवा केली म्हणायची.

पॉम्पेईचं खोदकाम १७४८ मध्ये सुरू झालं. राखेत माणसांच्या जागी पोकळ्या उरल्या होत्या. १८६३ मध्ये फियोरेल्लीने त्यांत प्लास्टर ओतलं, आणि तोंडावर हात धरून बसलेली माणसं बाहेर आली. एका भट्टीत तर पाव सापडले, कोळसा झालेले.

डोंगर मात्र सुधारला नाही. १६३१ मध्ये त्याने हजारोंचे बळी घेतले. १९४४ मध्ये, ऐन महायुद्धात, सान सेबास्तियानो गाव लाव्हाखाली घातलं आणि दोस्तांच्या विमानतळावरची कितीतरी बॉम्बफेकी विमानंही निकामी केली. तेव्हापासून तो गप्प आहे. आणि त्याच्या धोक्याच्या पट्ट्यात आज सुमारे सात लाख लोक राहतात. वेळ आली तर सगळ्यांना ७२ तासांत हलवायचं, असा सरकारी आराखडा आहे. त्यातले मामा किती आणि त्यांना उठवायला किती तास धरलेत, तेवढं कोणीतरी विचारायला हवं.