पाच बिंदू आणि एक लग्न

कागदावर कुठेही पाच बिंदू काढा. कोणतेही तीन एका रेषेत नसावेत. त्यांपैकी चार जोडून बहिर्वक्र चौकोन, म्हणजे एकही कोपरा आत न वळलेला चौकोन, नेहमीच मिळतो. १९३३ च्या सुमारास बुडापेस्टमधल्या तरुण मित्रमंडळीत एस्थर क्लाइनने हे दाखवले.

सिद्धता आपण वर्गात करू शकतो. सर्व बिंदूंभोवती दोरा ताणला आणि तो चार किंवा पाच बिंदूंना टेकला, तर काम झाले. तीनांनाच टेकला, तर दोन बिंदू त्रिकोणाच्या आत राहतात. त्यांतून रेषा काढली की त्रिकोणाचे दोन शिरोबिंदू तिच्या एकाच बाजूला येतात. हे दोन आणि आतले दोन मिळून हवा तो चौकोन!

एस्थरने पुढे विचारले : पंचकोन, षट्कोन हवा असेल तर किती बिंदू पुरतील? मंडळीतला रसायन अभियंता जॉर्ज सेकेरेश या प्रश्नाला भिडला. बाजू कितीही असोत, पुरेशी अशी संख्या असतेच, हे त्याने सिद्ध केले. १९३५ मध्ये त्याचा व पॉल एर्डोशचा शोधनिबंध आला; १९३७ मध्ये एस्थर आणि जॉर्ज यांचे लग्न झाले. एर्डोशने प्रश्नाचे नावच ठेवले ‘सुखान्त प्रश्न’.

पंचकोनाला ९, षट्कोनाला १७ बिंदू लागतात. सप्तकोनाचे नेमके उत्तर अजून सिद्ध झालेले नाही. शोधनिबंधाच्या लेखकांत एस्थर नाही, पण प्रश्न तिचा, अशी नोंद त्यात आहे. आपणही फळ्यावर उत्तराशेजारी प्रश्न विचारणाऱ्या मुलीचे नाव लिहायला हवे.