वॉकीटॉकी, ४२.३४ मीटर आणि आमची गच्ची

पावसाळ्याआधीची सोसायटीची मीटिंग. विषय नेहमीचेच: पंपाची दुरुस्ती, मीटर बॉक्स वर उचलणे, गच्चीचं वॉटरप्रूफिंग. शेवटी "आयत्या वेळचे विषय" आले आणि सेक्रेटरी काका म्हणाले, "आठ वॉकीटॉकी घेऊन टाकू. ऑनलाइन दोन-अडीच हजाराला मिळतायत. तू आयटीवाला ना रे? तूच बघ कुठला घ्यायचा ते."

(वायर असलेली आणि नसलेली जगातली प्रत्येक वस्तू आयटीवाल्याला कळते, असा पार्ल्यात एक पक्का समज आहे. असो.)

हसण्यावारी नेता आलं असतं, पण नेलं नाही. कारण खोलीतल्या प्रत्येकाच्या डोक्यात एकच तारीख होती: २६ जुलै २००५.

त्या दिवशी मी सीप्झमध्ये होतो, पहिलीच नोकरी. बाबा चर्चगेटला. आई घरी एकटी, पार्ले पूर्वेला, तळमजल्यावर. दुपारी लोकल बंद पडल्या, मग रस्ते गेले, मग उपनगरांत वीज गेली आणि बघता बघता फोनही गेले. मोबाइलच्या टॉवरला वीज लागते. ती गेली की बॅटरी, मग जनरेटर. बॅटरी संपली, जनरेटर पाण्यात गेले, आणि जे टॉवर जिवंत होते त्यांच्यावर अख्खी मुंबई एकाच वेळी नंबर फिरवत होती. आईने ती रात्र पहिल्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांकडे काढली. नवरा आणि मुलगा जिवंत आहेत की नाहीत, हे तिला दुसऱ्या दिवशी आम्ही दारात उभे राहिलो तेव्हाच कळलं. सतरा-अठरा तास. त्याबद्दल ती आजही फारसं बोलत नाही.

सांताक्रूझच्या वेधशाळेत, म्हणजे आमच्यापासून हाकेच्या अंतरावर, २४ तासांत ९४४ मिमी पाऊस मोजला गेला. कुलाब्याला त्याच वेळात ७४ मिमीच्या आसपास. हे दोन आकडे मला नेहमी अस्वस्थ करतात. शहराची सूत्रं जिथून हलतात त्या दक्षिण टोकाला साधा पावसाळी दिवस होता, आणि वीस-पंचवीस किलोमीटरवर माणसं बुडत होती. पुढे माधवराव चितळे समितीने पाऊस, नाले, मिठी नदी या सगळ्याची चिकित्सा केली. माझ्यापुरता प्रश्न छोटा आहे: सीप्झ ते पार्ले सरळ रेषेत साडेचार किलोमीटर. तेव्हा माझ्या हातात वॉकीटॉकी असता, तर आईला "मी ठीक आहे" एवढे तीन शब्द पोचले असते का?

थोडं गणित करू, कंटाळू नका. या सेटच्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात, म्हणून पृथ्वीची गोलाई आडवी येते. अँटेनाच्या मीटरमधल्या उंचीचं वर्गमूळ काढायचं आणि ४.१२ ने गुणायचं. येतं ते किलोमीटरमध्ये 'रेडिओ क्षितिज'. तोंडापाशी, दीड मीटरवर धरलेल्या सेटचं क्षितिज साधारण ५ किलोमीटर. दोघं उभे असले तर १०. म्हणजे खोक्यावर "८ किमी" लिहिलेलं असतं ते अगदी खोटं नाही, फक्त मध्ये भर समुद्र हवा! पार्ल्यात मध्ये समुद्र नाही, इमारती आहेत. काँक्रीट आणि सळ्यांतून जाताना सिग्नलचा जीव जातो. शक्ती दहापट केली तरी मोकळ्या मैदानात पल्ला जेमतेम तिप्पट होतो, आणि इमारतीला तर तुमच्या वॅटचं काहीच वाटत नाही.

उंची मात्र कामाला येते. १६ मीटर उंच गच्चीचं क्षितिज साडेसोळा किलोमीटर. विमानतळाच्या फनेल झोनमुळे पार्ल्यात फार उंच बांधता येत नाही, त्यावरून रिडेव्हलपमेंटवाले कपाळाला हात लावतात. पण त्यामुळेच आमच्या गच्च्या एकमेकींना बऱ्यापैकी दिसतात. तेव्हा उत्तर असं: रस्त्यावरून नाही, पण सीप्झच्या गच्चीवरून आमच्या गच्चीपर्यंत बहुधा हो. मात्र एका अटीवर. आईला त्या वेळी गच्चीवर जाऊन सेट चालू करायचा आहे, हे आधीच ठाऊक असायला हवं होतं.

आणि ही अट काही नवी नाही. हातातल्या रेडिओचा सगळा इतिहास या अटीचाच आहे, असं मला वाचताना वाटत गेलं.

हातात मावणारा पहिला गाजलेला सेट दुसऱ्या महायुद्धातला, गॅल्व्हिन कंपनीचा (तीच पुढे मोटोरोला झाली) एससीआर-५३६. वजन सव्वादोन किलोच्या आसपास, जमिनीवरचा पल्ला मैलभर. त्याला चालू-बंदचं बटण नव्हतं. अँटेना बाहेर ओढली की चालू, आत ढकलली की बंद. 'वॉकीटॉकी' हे नाव मात्र त्याच्या थोरल्या भावाला, पाठीवरच्या एससीआर-३०० ला मिळालं. हे सेट उपयोगी पडले ते त्यांच्या पल्ल्यामुळे नव्हे. कोणी, कधी, कोणाशी बोलायचं हे ठरलेलं होतं म्हणून.

त्याच काळातली मुंबईची गोष्ट तर आपल्या शाळेच्या पुस्तकात होती, पण आपण ती नीट वाचली नाही. १९३९ मध्ये युद्ध सुरू होताच सरकारने हौशी रेडिओवाल्यांचे, म्हणजे हॅमचे, परवाने रद्द केले आणि यंत्रं जमा करायला सांगितली. १९४२ च्या ऑगस्टमध्ये पुढारी तुरुंगात गेले, वर्तमानपत्रांवर बंधनं आली. तेव्हा २२ वर्षांच्या उषा मेहता आणि त्यांच्या सोबत्यांनी २७ ऑगस्टला गुप्त काँग्रेस रेडिओ सुरू केला. ट्रान्समीटर उभा करणारे नरिमन प्रिंटर हे परवाना गेलेले हॅमच. शिकागो रेडिओचे नानक मोटवाने यांनी साहित्याची मदत केली. आष्टी-चिमूरच्या अत्याचारांच्या बातम्या लोकांना या रेडिओवर कळल्या. पोलीस मागावर असल्यामुळे जागा सारख्या बदलाव्या लागत. जागा बदलली तरी एक गोष्ट कायम: ४२.३४ मीटर. ऐकणाऱ्याला काटा कुठे लावायचा ते माहीत होतं.

सवयीने मी तो आकडा कॅलक्युलेटरवर टाकला. ४२.३४ मीटर म्हणजे ७.०८ मेगाहर्ट्झ. आज भारतातल्या हॅमना जो ४० मीटरचा पट्टा दिलेला आहे, बरोब्बर त्याच्या आत! वाचून दोन मिनिटं गप्प बसलो.

१२ नोव्हेंबर १९४२ ला हे सगळं संपलं. तंत्रज्ञ पोलिसांच्या हाती लागला, त्याने जागा दाखवली, आणि उषाताईंना चार वर्षांची शिक्षा झाली. यंत्र फितूर होत नाही, माणूस होतो. पण ते यंत्र जवळपास अडीच महिने चाललं तेही माणसांमुळेच.

पुढचीही उदाहरणं तशीच. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, २६ जानेवारी २००१ ला भुजचा. दोन्हीकडे तारा तुटल्यावर हॅमनी निरोप पोचवले. डिसेंबर २००४ मध्ये भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी पोर्ट ब्लेअरला निव्वळ हौसेखातर, जगभरच्या हॅमशी बोलायला गेले होते. २६ तारखेला त्सुनामी आली, आणि अंदमानचा बाहेरच्या जगाशी संपर्क ठेवण्यात हॉटेलातला तो हौशी सेट मोलाचा ठरला. यातल्या कोणीही संकट आल्यावर दुकानात जाऊन सेट विकत घेतला नव्हता. ते रोज रात्री निरर्थक वाटणाऱ्या गप्पा मारत होते, म्हणून त्या दिवशी कामाचं बोलू शकले.

हं, तर आता मूळ मुद्दा: कुठला सेट घ्यायचा?

ऑनलाइन दिसणारे पुष्कळसे स्वस्त, चार-पाच वॅटचे सेट आपल्यासारख्यांनी विनापरवाना वापरणं बेकायदा आहे. १९३३ च्या वायरलेस कायद्यापासून हे असंच आहे, आणि मे २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अशा विक्रीवर नियमावलीच काढली. आमच्यासारख्यांनी, विमानतळाच्या कुंपणाला लागून राहून, भलत्या फ्रिक्वेन्सीवर बटण दाबत बसणं हा तर शुद्ध मूर्खपणा. तेव्हा मार्ग तीन:

एक, ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झचे कमी शक्तीचे सेट. परवाना नको, पण सेटला सरकारची 'इक्विपमेंट टाइप अप्रूव्हल' हवी. तरंगलांबी ६७ सेंटिमीटर, म्हणून बोटभर अँटेना पुरते, आणि खिडक्या-जिन्यांतून सिग्नल बऱ्यापैकी शिरतो.

दोन, २७ मेगाहर्ट्झचा सिटिझन बँड. यालाही परवाना नको. पण तरंगलांबी ११ मीटर. तिची पाव लांबीची अँटेना पावणेतीन मीटर होते. ती हातात धरून जिन्यातून उतरून दाखवा. बाद.

तीन, हॅम परवाना. दूरसंचार विभागाची परीक्षा द्यावी लागते: नियम आणि थोडं इलेक्ट्रॉनिक्स. रिस्ट्रिक्टेड वर्गाला मोर्स लागत नाही. मग १४४ ते १४६ मेगाहर्ट्झवर, उंचावरच्या रिपीटरमार्फत सगळं शहर आवाक्यात येतं. पण परवाना व्यक्तीला मिळतो, सोसायटीला नाही. सेक्रेटरी काकांच्या हातात तो सेट देता येत नाही.

मी सोसायटीला पहिला मार्ग सुचवला. आठ नव्हे, चारच सेट. चारही एकाच मॉडेलचे, म्हणजे चॅनलचा गोंधळ नको. कोपऱ्यावरच्या वाण्याकडे मिळणाऱ्या पेन्सिल सेलवर चालणारे, कारण वीज नसताना चार्जर म्हणजे शोभेची वस्तू. पाण्यात पडले तर वाचावेत म्हणून आयपी६७. आणि 'प्रायव्हसी कोड' बंद. त्याने बोलणं गुप्त राहत नाही, फक्त दुसऱ्यांचं आपल्याला ऐकू येत नाही. संकटात नेमकं ते ऐकू यायला हवं.

मग रविवारी मी आणि बाबा प्रयोगाला निघालो. बाबा रस्त्यावर, मी दुसऱ्या टोकाला. हनुमान रोडवर सहा-सातशे मीटरवरच आवाजाची खरखर झाली. मी गच्चीवर गेलो, तर तेच बाबा स्टेशनपलीकडून स्वच्छ ऐकू आले. "अरे, पण तू गच्चीवर आहेस हे मला कसं कळणार होतं?" हा त्यांचा पहिला प्रश्न. वीस वर्षांपूर्वीचाच प्रश्न, फक्त या वेळी तो रेडिओवरून आला!

म्हणून नोटीस बोर्डावर आता एक कागद आहे. चॅनल क्रमांक. फोन गेले तर दर तासाची पहिली पाच मिनिटं गच्चीवरून ऐकायचं. प्रत्येक विंगचा एक माणूस, एक बदली. महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी दहाला सराव. पहिल्या सरावाला तिघं आले, दुसऱ्याला पाच. १२ ऑक्टोबर २०२० ची सकाळ आठवते ना? तेव्हा पाऊस नव्हता, काही नव्हतं, तरी मुंबईची वीज गेली आणि लोकल जागच्या जागी थांबल्या. संकट दर वेळी जुलैतच येईल असं नाही.

आईने पहिले दोन सराव स्वयंपाकघरातूनच ऐकले. तिसऱ्याला ती स्वतः गच्चीवर आली, सेट हातात घेतला आणि विचारलं, "बोलायच्या वेळी दाबायचं, की ऐकायच्या?"

मी मात्र हॅमच्या परीक्षेचा अर्ज भरलाय. या वयात पुन्हा ओहमचा नियम! बघू. पास झालो तर ७.०८ वर एकदा नुसतं ऐकत बसायचं आहे.